वाचकांचे प्रश्न : माळ ‘पडीक’ आहे, हे कोणी ठरवले?

प्रश्न १ : स. न. वि. वि. मी बारामती तालुक्यात राहते आणि वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावालगतचा माळ हा मुळातच गवताळ प्रदेश आहे, तिथे झाडे लावणे म्हणजे त्याचा नाश करणे होय, असे आमचे प्राध्यापक सांगतात. वनखात्यातून निवृत्त झालेले माझे चुलते म्हणतात, की तिथे पूर्वी जंगल होते आणि ते तोडीने व चराईने गेले. इतिहासाच्या बाईंचे मत असे, की दोघेही आपापल्या विषयाच्या सोयीचे बोलतात. माळ एकच असताना उत्तरे इतकी वेगळी कशी, आणि कोणाचे खरे मानावे?

उत्तर : हे तिघे एकाच प्रश्नाची तीन उत्तरे देत नसून तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. या जमिनीवर आज काय तगते, हा प्राध्यापकांचा प्रश्न आहे. राखण केली तर इथे काय उगवू शकेल, हा चुलत्यांचा. या जमिनीला कोणी, कधी आणि कशासाठी कोणते नाव दिले, हा बाईंचा. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले, की भांडण सुरू होते.

चुलत्यांपासून सुरुवात करू, कारण अलीकडे त्यांच्या बाजूची टवाळी करण्याची पद्धत पडली आहे. वनशास्त्र आपल्याकडे आले ते इमारती लाकूड मोजणारे शास्त्र म्हणून. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची जी व्यवस्था बसवली, तिच्यात गवताला दुय्यम स्थान होते. त्यामागे एक सिद्धान्तही होता : मोकळ्या जमिनीवर आधी गवत, मग झुडपे आणि शेवटी वृक्ष येतात, म्हणून जिथे गवतच राहिले तिथे वाटचाल कोणीतरी अडवलेली असणार. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वनवर्गीकरणात दख्खनच्या कोरड्या भागाला काटेरी वनाचा प्रकार मानले आहे, ते याच चौकटीतून. जास्त पावसाच्या आणि खोल मातीच्या जागी ही चौकट खरी ठरतेही. घाटमाथ्यावर कुंपण घातले, तर काही वर्षांत झाडोरा वर येतो, हे चुलत्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असणार. त्यांची चूक असलीच, तर ती मुळशी-मावळचा अनुभव पर्जन्यछायेतल्या बारामतीला लावण्याची आहे.

तुमच्या प्राध्यापकांचे शास्त्र उलट टोकाने चालते. बेसॉल्टच्या खडकावर वीतभर मुरमाड माती, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि तोही थोड्याच दिवसांत. अशा ठिकाणी कुसळी, पवना, मारवेल ही गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ हीच पूर्ण वाढलेली परिसंस्था आहे, असे परिसंस्थाशास्त्र म्हणते. त्याचा भक्कम पुरावा म्हणजे प्राणी. माळढोक, धाविक, चिंकारा, काळवीट यांची नजर, पाय आणि विणीच्या सवयी मोकळ्या जागेसाठी घडलेल्या आहेत. जंगल तुटून तीन-चारशे वर्षांत माळ झाला असता, तर हे जीव आले कुठून? तुमच्या तालुक्यातले मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले, ते मुख्यतः चिंकारांसाठी. तरीही हा युक्तिवाद ‘दख्खनवर माळ फार जुना आहे’ एवढेच सिद्ध करतो. तुमच्या गावचा अमुक गट क्रमांकाचा माळ जुना आहे, हे त्याने सिद्ध होत नाही, आणि इथे प्राध्यापकही कधीकधी घाई करतात.

काळाचा प्रश्न आला, की भूशास्त्राकडे जावे लागते, आणि तिथे मोजमाप एकदम बदलते. पाकिस्तानातील पोटवार पठारावरील शिवालिक थरांतल्या मातीतील कार्बनच्या समस्थानिकांवरून असे दिसते, की उष्ण प्रदेशातली, कडक उन्हात तगणारी गवते दक्षिण आशियात सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर पसरली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हवाला देऊन ‘आमचा माळ डायनासोरच्या काळापासूनचा’ असे भाषणांत ऐकू येते, ते मात्र सोडून द्यावे. गवत असणे वेगळे आणि गवताळ प्रदेश असणे वेगळे. लोणार सरोवराच्या गाळाने दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड दाखवले आहेत, सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात सधन शेतकरी वस्ती उत्तरकाळात उतरणीला लागून पशुपालनाकडे झुकलेली आढळली आणि उत्खननकर्त्यांनी त्याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. मात्र इनामगावची उतरती कळा लागते ती साधारण ३००० वर्षांपूर्वी, म्हणजे लोणारच्या दोन्ही कालखंडांच्या मधोमध. हा सांधा अजून नीट जुळलेला नाही, आणि दोन शास्त्रांनी एकमेकांना दिलेले उसने पुरावे तपासून घ्यावेत, ते अशाच जागी.

बाईंच्या विषयाने अलीकडे सर्वांत अनपेक्षित भर घातली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी चरित्रग्रंथ, स्थळकथा आणि ओव्या वनस्पतींच्या उल्लेखांसाठी वाचल्या. त्यांत हिवर आणि तरवडासारख्या, मोकळ्या उन्हातच वाढणाऱ्या वनस्पती बहुसंख्य निघाल्या. म्हणजे इंग्रजी अंमलातल्या वृक्षतोडीच्या कितीतरी आधी हा प्रदेश बराचसा उघडा होता. भक्तिपर मजकूर हा वनस्पतिशास्त्राचा पुरावा ठरू शकतो, हे ऐकून आमच्या पिढीतले पुष्कळ लोक हसले असते. त्याच्या मर्यादाही उघड आहेत. ज्या झाडाखाली कोणी बसले, ज्याला देवत्व आले, तेच कथेत उरते. ओढ्याकाठच्या निनावी झुडपाची नोंद कोण ठेवणार?

मानवशास्त्राविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माळावर माणसे राहतात हे बाकीच्या शास्त्रांना उशिरा आठवते. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा आणि मौखिक परंपरेचा अभ्यास केला, तेव्हा माळ हा मेंढ्यांच्या वाटांनी जोडलेला एक सलग प्रदेश म्हणून पुढे आला. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतणारे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल मिळणारे धान्य, या व्यवहारात माळ ‘रिकामा’ कधीच नव्हता. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी पुढे पश्चिम महाराष्ट्रातील शिकारी जमातींची पाहणी केली. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर आणि घोरपड धरत, फासेपारधी फाशांनी हरणे आणि पक्षी, तर वैदू सापळ्यांनी मुंगूस-मांजरासारखे लहान मांसभक्षक. एकाच भूभागात कोणी कोणाच्या वाट्याला जात नसे. निरीक्षण अप्रतिम आहे. पण जीवशास्त्रातली ही वाटणीची संकल्पना त्यांनी जातिव्यवस्थेला लावली, आणि ती तशीच स्वीकारली, तर जिला आपण अन्याय म्हणतो ती व्यवस्था निसर्गाने दिलेली सोय वाटू लागते. एका शास्त्राची संकल्पना दुसऱ्यात नेताना तिच्यासोबत काय काय येते, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

तेव्हा कोणाचे खरे, याचे माझे उत्तर असे : तुमच्या माळापुरते प्राध्यापकांचे म्हणणे मला अधिक संभवनीय वाटते. पण मातीची खोली आणि जुने महसुली दप्तर पाहिल्याखेरीज ते सिद्ध झाले असे म्हणू नये. ती खोली मोजायला कुदळ पुरते आणि दप्तर तहसील कचेरीत असते.

प्रश्न २ : सोलापूर जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र : गवताळ प्रदेश वाचवा, असे लेख आपण छापता. आमच्या वस्तीची घरे गायरानावर आहेत. पूर्वी तिथे वनखाते झाडे लावणार म्हणून आम्ही उठावे, असे सांगत. आता गवत वाचवायचे म्हणून उठावे लागणार का?

उत्तर : तुमचा संशय निराधार नाही. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र सुरुवातीला सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते आणि त्यात गावे व शेते सरसकट आली होती. पुढे ते बाराशेच्या घरात आणावे लागले. पक्ष्याचा वावर हा जीवशास्त्राचा विषय आहे. सातबारा त्याच्या अभ्यासक्रमात नसतो.

तुमच्या बाजूचा इतिहास समाजशास्त्र आणि राजकीय इतिहास यांनी जपला आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये महाराष्ट्रात आणि १९६४ मध्ये देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. सरकारी पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला मिळावी, ही त्यांची मुख्य मागणी. त्या चळवळीत ‘पडीक’ या शब्दाचा अर्थ ‘हक्क मिळवण्याची जागा’ असा होता. केंद्र सरकारने २००० पासून काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशांत त्याच शब्दाचा अर्थ ‘उत्पादनाखाली आणायची जागा’ असा होतो आणि परिसंस्थाशास्त्रज्ञाला तो शब्दच मान्य नाही. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये सात राज्यांतल्या कोरडवाहू गावांची पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात सामाईक जमिनींचा वाटा १४ ते २३ टक्के होता. ही जमीन झाडांखाली गेली, घरांखाली गेली किंवा कारखान्याला दिली, तरी तो वाटा मेंढपाळाच्या आणि मजुराच्या हातून जातो. म्हणून घरांखालची चार-दोन एकर आणि शेकडो एकरांचा चराऊ माळ यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते, आणि असे मोजणारे अहवाल बहुधा एकाच विषयाच्या माणसांनी लिहिलेले असतात.

प्रश्न ३ : पर्यावरणावर काम करायचे, तर पदव्युत्तर शिक्षणाला कोणता विषय घ्यावा?

उत्तर : ज्याच्या पद्धतीचा तुम्हाला कंटाळा येणार नाही, तो. उन्हात चौकटी आखून गवताच्या काड्या मोजणे आवडत असेल, तर वनस्पतिशास्त्र घ्या. मोडीतले दप्तर वाचणे आवडत असेल, तर इतिहास. मोडी मात्र कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने शिकावी, असा माझा आग्रह आहे, कारण पेशवाईतल्या कुरणांच्या नोंदी त्या लिपीत आहेत आणि वनस्पती ओळखणाऱ्या फार थोड्या माणसांनी त्या वाचल्या आहेत.