उत्तर: मुंबई रेडिओवर गाणाऱ्या आजीचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल?

तुमची आजी १९३८-४० च्या सुमारास मुंबई रेडिओवर गायची, तुम्ही रेकॉर्डिंगसाठी अर्ज केलात आणि ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर आलं, हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या आजोळचीही हीच कथा आहे.

स्पष्टच सांगतो, रेकॉर्डिंगचा नाद सोडा. तेव्हा गाणं थेट प्रसारित व्हायचं, टेप आपल्याकडे आलीच नव्हती. (ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्या असतील तर गोष्ट वेगळी.) शोधायचा तो छापील कागद. ‘द इंडियन लिसनर’ या रेडिओच्या पाक्षिकात केंद्रवार कार्यक्रम, वेळ आणि कलाकाराचं नाव छापलेलं असे. बरेच अंक इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट आहेत. ‘आकाशवाणी’ टाकून शोधू नका, ते नाव १९५७ मधलं. १९३६ पासून ऑल इंडिया रेडिओच होतं. आणि माहेरचं नाव आधी बघा! लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेली बाई सासरच्या नावाने कशी सापडणार? संगणकाच्या शोधावरही विसंबू नका, बारीक टाइप त्याला नीट वाचता येत नाही. मुंबईचा रकाना डोळ्यांनी चाळा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते एका कार्यालयाने. नाव घेत नाही. आधी म्हणाले, प्रसारणाची तारीख आणा. अंक चाळून तारीख नेली, तर टेप क्रमांक मागितला. १९३९ च्या थेट कार्यक्रमाचा टेप क्रमांक कुठून आणायचा? शेवटी, एकही रजिस्टर न उघडता, ‘जुनं दप्तर नष्ट केलं’. कधी, कोणाच्या आदेशाने, याला उत्तर नाही. माणसांनी जीव ओतून गायलेलं असतं हो, निदान कपाट तरी उघडून बघा!

म्हणून माहिती अधिकारात रेकॉर्डिंग मागू नका. नष्ट केलेल्या दप्तराची यादी आणि त्या आदेशाची प्रत मागा. केंद्र सरकारच्या कार्यालयाला अर्जासोबत १० रुपये शुल्क लागतं, पोस्टल ऑर्डरही चालते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. मी वकील नाही, अनुभवावरून सांगतोय.

घरातली जुनी ट्रंकही उपसा. कलाकाराला रेडिओकडून करारपत्र यायचं. त्यावर तारीख, वेळ, मानधन सगळं असतं. आमच्याकडचं एक लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, घडीवर फाटलेलं सापडलं. तुमच्याकडे तसं मिळालं तर आधी फोटो काढा, चिकटपट्टी अजिबात लावू नका. माहेरचं नाव मला निरोपात कळवा, १९३९ चे अंक माझ्याकडे उतरवलेले आहेत, बघून सांगतो.