बाबांसाठी टिकाऊ म्युझिक प्लेअर घ्यायचाय? आधी हे बघा

वडील सत्तरीच्या पुढचे, रोज सकाळी टेकडीवर जाताना गाणं हवं, मोबाईल नको, घरात शास्त्रीय आणि कीर्तनाच्या शंभरेक सीडी पडून आहेत, बजेट सात हजार, आणि आधीचे दोन स्वस्तातले प्लेअर वर्षाच्या आत गेले असं तुम्ही लिहिलंय. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आता लोक तुम्हाला कुठली डॅक चिप (फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) चांगली ते सांगतील, पण चिप खराब झाली म्हणून कोणी प्लेअर टाकून दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. प्लेअर मरतो तो बॅटरीने, चार्जिंगच्या खाचेने, बटणाने नाहीतर मेमरी कार्डाने, आणि हे चारही बघूनच घ्यायचा असतो, आवाज त्यानंतर. या किमतीत आवाज आजकाल बहुतेक सगळ्यांचाच ठीक असतो.

बॅटरीपासून सुरुवात करू. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावर थकायला लागते. बाबा रोज दोन तास ऐकणार आणि प्लेअर दहा तास चालणार असं धरलं तर पाच दिवसांनी एक चार्ज, म्हणजे वर्षाला सत्तरच्या आसपास. या हिशोबाने चार-पाच वर्षं सहज जायला हवीत, मग वर्षात का जातात? एकतर आतला सेलच हलका टाकलेला असतो, नाहीतर प्लेअर पूर्ण उतरलेला तसाच ड्रॉवरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतो. रिकामा सेल आणखी खाली खाली जात राहतो आणि एका पातळीखाली गेला की संरक्षणाचं सर्किट तो बंद करून टाकतं, मग कितीही वेळ चार्जरला लावा, काही होत नाही. पावसाळ्यात बाबांचं फिरणं बंद असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा अर्धा करा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका. आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं तर तो प्लेअर त्या दिवसापासून बंद, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. पहिल्या पिढीचा आयपॉड नॅनो २००५-०६ मध्ये विकला गेला होता, बॅटरी तापते म्हणून ॲपलने २०११ मध्ये जगभरातून परत मागवला. इतक्या वर्षांनंतरही हे होऊ शकतं, म्हणून जुने प्लेअर घरात कुठे पडलेत तेही एकदा बघून घ्या.

चार्जिंगची खाच टाईप-सी च घ्या. जुनी मायक्रो यूएसबीची खाच बारीक असते, चष्मा न लावता पिन उलटी खुपसली जाते आणि दोन-चार वेळा जोर लागला की आतली जीभ वाकते नाहीतर सोल्डर सुटतं. तुमचे आधीचे दोन याच कारणाने गेले असण्याची बरीच शक्यता आहे, चार्जिंगला लावून पिन हळूच वर-खाली करून बघा, मध्येच चार्ज दाखवत असेल तर मोबाईल रिपेअरवाला शे-दोनशे रुपयांत खाच बदलून देईल आणि एखादा प्लेअर जिवंत होईल. टाईप-सी मध्ये एक गंमत मात्र लक्षात ठेवा. स्वस्त प्लेअरमध्ये त्या खाचेमागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे नव्या चार्जरला पुढे काही जोडलंय हेच कळत नाही, आणि दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली केबल लावली की चार्जच होत नाही. प्लेअर बिघडलेला नसतो. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल आणि साधा चार्जर वापरा, चालतो. मोठ्या वॅटच्या फास्ट चार्जरने प्लेअर जळतो अशी भीती काही लोक घालतात, तसं नाही, धड चार्जर आधी पाच व्होल्टच देतो आणि समोरून मागणी आल्याशिवाय वाढवत नाही.

ज्याला कंपनीची वेगळीच केबल लागते असा प्लेअर कितीही छान असला तरी सोडा. सोनीच्या जुन्या वॉकमनना डब्ल्यूएम-पोर्ट नावाची स्वतःची रुंद पिन होती, प्लेअर अजून ठणठणीत आणि केबल मिळत नाही अशी अवस्था कित्येकांची झालीय. नंतर एनडब्ल्यू-ए१०५ पासून या मालिकेत त्यांनी टाईप-सी दिलं.

बटणं. टेकडीवर चालताना, घामाच्या बोटांनी, खिशातल्या खिशात थांबवता आणि आवाज कमी करता आलं पाहिजे. टचस्क्रीनवर सत्तरीच्या माणसाला हे होत नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. प्ले, पुढे, मागे आणि आवाज यांची खरी बटणं असलेला घ्या, आणि लॉक करायची सोय हवी म्हणजे खिशात आपोआप दाबलं जाणार नाही. दुकानात प्रत्येक बटण पाच-सहा वेळा दाबा, एकदा दाबल्यावर दोनदा लागत असेल तर तिथेच परत करा. हेडफोनची पिन घालून हलकेच फिरवा, एका बाजूचा आवाज जात असेल तर ती खाच पुढे टिकणार नाही. काटकोनी पिनचे इअरफोन घेतले तर खिशात खाचेवर ताण कमी येतो.

आता कार्ड. प्लेअरला मायक्रोएसडी कार्डाची जागा हवीच हवी, आतल्या मेमरीवर अवलंबून राहू नका. प्लेअर गेला तर कार्ड काढून दुसऱ्यात घातलं की गाणी चालू, बाबांना परत शोधाशोध नाही. किती जीबीचं घ्यायचं याचा हिशोब सोपा आहे. सीडीतला एक तास फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळता फाईल लहान करायचा प्रकार) ३०० ते ४०० एमबी होतो आणि ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये १४४ एमबी. तुमच्या शंभर सीडी फ्लॅकमध्ये केल्या तरी ३५-४० जीबीत बसतील, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पुष्कळ झालं. पण ६४ आणि त्यावरची कार्डं एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाईली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट होऊन येतात आणि बरेच स्वस्त प्लेअर फक्त फॅट ३२ ही जुनी पद्धत वाचतात, मग 'कार्ड नाही' असं दाखवतात. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट ३२ चा पर्यायच येत नाही, त्यासाठी रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते करून देतं.

बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. कार्डावर २५६ लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरही २५६ दाखवतो आणि आत खरी जागा १६ असते, ती भरली की पुढची गाणी कॉपी झाल्यासारखी वाटतात पण वाजत नाहीत, आणि शिव्या प्लेअरला बसतात. कार्ड आणल्या आणल्या विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ चालवा. हे सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. रात्री लावून ठेवा, सकाळी निकाल मिळतो. हे न करता कुठलंही कार्ड मी तरी बाबांच्या हातात देणार नाही.

आता तुमच्या संगीताचं. शास्त्रीयच्या बऱ्याच सीडींमध्ये एकच राग दोन-तीन ट्रॅकमध्ये कापलेला असतो, विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये थांबायला नको असतं. साध्या प्लेअरवर नेमकं तिथे अर्धा-एक सेकंद तानपुरा तुटतो. ऐकणाऱ्याला तो खड्डा फार टोचतो, रोज त्याच जागी. एमपी३ मध्ये फाईल बनवतानाच आधी आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, ती किती हे फाईलमध्ये लिहिलेलं असलं तरी बरेच प्लेअर ते वाचत नाहीत. फ्लॅकमध्ये ही भानगड नाही, पण प्लेअरने पुढचा ट्रॅक आधीच उचलून ठेवायला हवा. याला गॅपलेस म्हणतात, ते आहे का ते वाजवूनच बघा, खोक्यावर लिहिलेल्यावर जाऊ नका. आणि नसेलच तर सीडीवरून घेताना पूर्ण राग एकाच फाईलमध्ये घ्या, प्रश्न मिटला.

कीर्तनाचं वेगळं. दोन-अडीच तासांचं कीर्तन टेकडीवर अर्धं ऐकून घरी आले की दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू झालं पाहिजे. काही प्लेअर बंद करून चालू केले की पहिल्यापासून सुरू करतात, आणि मग अडीच तासांच्या फाईलमध्ये बटण दाबून पुढे पळवत बसायचं, यापेक्षा नको ते म्हणून माणूस ऐकणंच सोडतो. तुमच्या बाबांसाठी आवाजापेक्षाही ही सोय मोठी आहे. कीर्तनं एमपी३ मध्ये करणार असाल तर कायम एकच बिटरेट (दर सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा) ठेवा, बदलत्या बिटरेटच्या फाईलींवर स्वस्त प्लेअरचं घड्याळ चुकतं आणि पुढे-मागे करताना भलतीकडेच जातो.

देवनागरीचं तर बघाच. काही प्लेअर नुसते चौकोन दाखवतात, काही अक्षरं दाखवतात पण जोडत नाहीत, म्हणजे 'विठ्ठल' लिहिलं तर व, मग सुटी वेलांटी, मग ठ, पाय मोडल्याची खूण, परत ठ आणि ल असं एकापुढे एक पसरलेलं दिसतं. असं असेल तर फोल्डरांची नावं रोमनमध्ये द्या. दुसरं म्हणजे काही प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. त्यामुळे फाईलींना सुरुवातीला ०१, ०२ असे दोन आकडी नंबर द्या, नुसतं १, २ दिलं तर १० नंबर २ च्या आधी येतो, आणि कॉपी करताना एकेक फोल्डर क्रमाने टाका.

म्हणून मी सांगेन की दुकानात स्वतःचं छोटं कार्ड घेऊन जा. त्यावर एक फ्लॅक, एक एमपी३, दोन ट्रॅकमध्ये कापलेला एक राग, एक लांबलचक कीर्तन आणि देवनागरी नावाचं एक फोल्डर. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, जो दुकानदार कार्ड घालून बघू देईल त्याच्याकडून घ्या. ऑनलाईन घेतला तर परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करून टाका, खोकं जपून ठेवा.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. फिओच्या स्नोस्काय ब्रँडचा इको मिनी तुमच्या बजेटच्या आसपास मिळतो, कॅसेटसारखा दिसतो, टचस्क्रीन नाही, खरी बटणं आहेत, टाईप-सी आहे, २५६ जीबीपर्यंत कार्ड घेतो. बाबांसाठी मी आधी हाच तपासेन, वरच्या कार्डाने. हायबीचा आर१ थोडा वर जातो, अँड्रॉइड नाही त्यामुळे हलका चालतो, पण बहुतेक काम टचस्क्रीनवर, म्हणून तो बाबांसाठी नाही, तुमच्यासाठी. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ सुंदर आहे पण बजेटच्या कितीतरी बाहेर, आणि अँड्रॉइड म्हटलं की अपडेट, वायफाय, लॉगिन हे सगळं आलंच, बाबांना मोबाईल नको होता तो याच कारणाने ना?

जुना आयपॉड क्लासिक घ्या असं कोणीतरी नक्की म्हणेल. तो २०१४ लाच बंद झाला, म्हणजे मूळ बॅटरी दहा वर्षांच्या वरची, आत फिरती हार्डडिस्क, पडला की संपला. नवी बॅटरी आणि डिस्कच्या जागी कार्ड बसवून लोक वापरतात आणि छान चालतो, पण ती हौस असणाऱ्याने करावी. शिवाय फ्लॅक तो मुळात वाजवतच नाही. कारवां (जुनी गाणी आधीच भरलेला सारेगमाचा स्पीकर) घरात ठेवायला उत्तम, आईला किंवा आजीला द्या, पण टेकडीवर पहाटे स्पीकर लावून चालणं बाकीच्यांना त्रासाचं होतं. आणि बाबांना एफएम ऐकायचं असेल तर वायरचे इअरफोनच लागतील, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते, ब्लूटूथवर बहुतेक प्लेअरमध्ये रेडिओ लागत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल एवढंच की नवीन आलेलं मॉडेल पहिल्या महिन्यात घेऊ नका. मायक्रोसॉफ्टचा ३० जीबीचा झून नावाचा प्लेअर ३१ डिसेंबर २००८ ला जगभर एकाच दिवशी अडकून पडला, कारण आतल्या घड्याळाला लीप वर्षाचा ३६६ वा दिवस कळेना. इतक्या मोठ्या कंपनीचं असं होतं तर छोट्या कंपन्यांचं विचारायलाच नको. दोन-तीन अपडेट येऊन गेले की घ्या.

आवाज बेताचा ठेवायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, पण टेकडीवर मागून येणारी सायकल ऐकू यायला हवी हे त्याहून महत्त्वाचं. आवाजाची कमाल मर्यादा ठरवून देता येत असेल तर ठरवून टाका.

आणि प्लेअर कुठलाही घ्या, सीडी मात्र या महिन्यातच कॉम्प्युटरवर घ्यायला लागा. विशेषतः घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी, ज्यांवर मार्करने नाव लिहिलंय, त्या आधी, कारण त्यांचा थर विकत घेतलेल्या सीडीपेक्षा लवकर खराब होतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा, ओरखडे असतील तर ते पुन्हा पुन्हा वाचतं, वेळ लागतो पण काम नीट करतं. फ्लॅकमध्ये एक प्रत हार्डडिस्कवर कायमची ठेवा आणि त्यातूनच प्लेअरसाठी हवी तशी बनवा.

बाबांकडे सध्या कुठले इअरफोन आहेत आणि कानाला मशीन वगैरे आहे का ते लिहा, मशीन असेल तर वरून बसणारा हेडफोन बघावा लागेल, त्यावर पुढे सांगतो.