चार अंकांची मालिका आणि स्वतंत्र नोंद

‘स्पायडर-मॅन: इंडिया’ या कॉमिक्स मालिकेवर विकिपीडियात स्वतंत्र लेख सुरू करण्यापूर्वी, प्रकाशकाची प्रसिद्धिपत्रके आणि चाहत्यांची पाने बाजूला ठेवून, त्रयस्थांनी या मालिकेविषयी सविस्तर काय लिहिले आहे, ते आधी गोळा करावे. २००४ साली भारतात निघालेल्या या मालिकेचे अंक अवघे चार. पण अंकसंख्येवरून उल्लेखनीयता (विषयाची स्वतंत्र लेखासाठीची पात्रता) ठरत नाही. धोतर नेसून मुंबईवर झोके घेणारा पवित्र प्रभाकर हे मूळ कथेचे भारतीय रूपांतर आहे, आणि समीक्षकांना लिहिण्याजोगे त्यातच सापडते. २०२३च्या ‘स्पायडर-मॅन: अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटामुळे मिळालेली प्रसिद्धी मात्र पात्राची आहे, मालिकेची नव्हे (ही गफलत मीही केली होती). संदर्भ तोकडे पडल्यास स्पायडर-मॅनवरील मूळ लेखात एक विभाग लिहून तिकडे पुनर्निर्देशन द्यावे, म्हणजे मालिकेचे नाव शोधणारा आपोआप तिथे पोहोचेल. मसुदा तोवर धूळपाटीवर (विकिपीडियातील सरावाच्या पानावर) राहू द्यावा.