रोमन सैनिक मिथ्रास देवाला दगडी वेद्या का वाहायचे? त्यावर बैल कापायचे का?

बैलाचं आधी सांगतो, नाही. वेदी बघितलीत तर लगेच लक्षात येईल, वर जेमतेम एक उथळ खळगा असतो, त्यात धूप जाळणार नाहीतर थोडा नैवेद्य, बैल कुठे मावणार. मिथ्रास बैल मारतोय ते फेमस शिल्प वेगळं, ते देवळात समोरच्या भिंतीला असायचं.

वेदी वाहायचे ती नवस फेडायला. इंग्लंडच्या उत्तरेला, रोमन सम्राट हेड्रियनने सरहद्दीवर बांधलेल्या भिंतीवर कॅरॉबर्गला १९४९ मध्ये मिथ्रासचं एक छोटंसं देऊळ सापडलं, पुढच्या वर्षी खोदलं तर आत तीन वेद्या, आणि तिन्ही वाहणारे तिथल्या किल्ल्यावरच्या बटावियन (आजच्या नेदरलँड्सकडच्या जमातीच्या) तुकडीचे प्रमुख. तिन्हींत मला आवडते ती मार्कस सिम्प्लिसियस सिम्प्लेक्सची. तिच्यावर देव सूर्यासारखा कोरलाय, हातात चाबूक, आणि डोक्यामागचे किरण दगडातून आरपार कापलेत, मागे दिवा ठेवायला कोनाडा. म्हणजे अंधाऱ्या देवळात मागे दिवा लावला की किरण खरेच पेटल्यासारखे दिसणार, काय डोकं लावलंय बघा!

मजकूर मात्र अगदी सरकारी थाटाचा. अजिंक्य देव मिथ्रासला, मग स्वतःचं नाव, हुद्दा, आणि शेवटी व्ही एस एल एम ही चार अक्षरं, लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, म्हणजे नवस राजीखुशीने फेडला, देवाचा तो हक्कच होता. ही चार अक्षरं बाकीच्या देवांच्या वेद्यांवर पण हीच असतात. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर देणगीदाराचं नाव कोरतात ना, तसाच प्रकार, तिघांतल्याच क्लुएंटियस हाबिटसने तर इटलीतलं आपलं गाव लारिनम पण टाकून घेतलंय. पण नवस कशाचा होता, प्रमोशनचा की आजारपणाचा, ते एकानेही लिहिलेलं नाही, त्यामुळे यूट्यूबवर या वेद्यांवरून मिथ्रास पंथाची गुपितं सांगणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

ऋग्वेदातला मित्र हाच का असंही बरेच जण विचारतात. नावाचं मूळ एकच आहे, मधे इराणचा मिथ्र येतो, पण गुहेसारखी देवळं, सात पायऱ्यांची दीक्षा हे सगळं रोमन काळातलं, ते ऋग्वेदात शोधू नका.

बघायला जाणार असाल तर कॅरॉबर्गला उघड्यावर आहेत त्या नकला, ओरिजिनल वेद्या न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये ठेवल्यात, त्यामुळे आधी तिथे जा.