दोन्ही पक्ष पूर्ण पटत नाहीत, मग मत कुणाला?

तुमचा पेच मला कळला तो असा. तुम्ही नुकत्याच अमेरिकेच्या नागरिक झालात, राहता फिलाडेल्फियाच्या उपनगरात. कर आणि सरकारी खर्चाबाबत तुम्हाला रिपब्लिकनांचं पटतं, गर्भपात आणि बंदुकांबाबत डेमोक्रॅटांचं. तुमचे मिस्टर म्हणतात तिसऱ्या पक्षाला दिलेलं मत वाया जातं. तुमचं म्हणणं, मनाविरुद्ध दिलं तर ते त्याहून वाया जातं.

मी पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं मत देतेय, मतदान केंद्रावर कामही करते. कुणाला द्या ते सांगणार नाही. पण हा वाद तुम्ही दोघं फक्त नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीच्या मतपत्रिकेवरच्या राष्ट्राध्यक्षाच्या रकान्यावरून घालताय, आणि आपल्या मूल्यांना सगळ्यात कमी वाव असतो तो नेमका त्याच रकान्यात.

भारतात वाढलेल्या आपल्या सगळ्यांचा इथे एक घोळ होतो. तिकडेही ज्याला जास्त मतं तो निवडून येतो, इकडेही तेच. तरी तिकडे डझनभर पक्ष आणि इकडे दोनच, असं का? एक कारण म्हणजे तिकडे सरकार विधिमंडळातून बनतं. दहा-वीस आमदारांच्या पक्षालाही निकालानंतर भाव असतो. महाराष्ट्रात 2019 साली निकाल लागल्यावर महिनाभर काय काय चाललं होतं ते आठवा. इथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडला जातो आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात पहिला येणारा तिथली सगळी इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेली मतं) घेऊन जातो. दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याला तर नाहीच. 1992 साली अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ 19 टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मतं शून्य. त्यामुळे भारतात निकालानंतर होणारी आघाडी इथे आधीच होऊन बसलेली असते, पक्षाच्या पोटात. रिपब्लिकन ही एक आघाडी, डेमोक्रॅट ही दुसरी. चर्चवाले, उद्योजक, कामगार संघटना, पर्यावरणवाले, बंदूकप्रेमी असे सगळे कुठल्या ना कुठल्या तंबूत शिरलेले आहेत, आणि त्यातल्या कित्येकांचं आपसात पटतही नाही. तेव्हा पत्रिका जुळवायला बसल्यासारखे छत्तीसच्या छत्तीस गुण शोधत बसू नका, ते कुणाचेच जुळत नाहीत.

तर या आघाडीत कुणाचं वजन जास्त हे ठरतं प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच ठरवतात त्या आधीच्या निवडणुकीत. तुमची मूल्यं खरी कामाला लावायची तर ती तिथे. आपल्या बेळगावच्या श्री ठाणेदारांचंच पाहा. 2022 साली मिशिगनमधून ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. मतदारसंघ डेट्रॉइटचा, पक्का डेमोक्रॅट, म्हणजे नोव्हेंबर ही जवळजवळ औपचारिकता. खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीत झाली. तिथे उमेदवारांची गर्दी होती आणि ठाणेदार साधारण 28 टक्के मतांवर जिंकले. उरलेल्या मतदारांना दुसरा कुणी हवा होता, पण त्यांची मतं विखुरली. आणि जे मतदार त्या ऑगस्टमध्ये घरी बसले, त्यांच्यासाठी नोव्हेंबरात ठरवण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.

आता आपल्या राज्यातली मेख. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंद असते. ज्या पक्षाच्या नावाने तुमची मतदार म्हणून नोंद, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत. ‘मी अपक्ष बरी’ म्हणून नोंदणीच्या फॉर्मवरचा पक्षाचा रकाना रिकामा ठेवलात तर उमेदवार निवडण्यात तुमचा हात नाही. मे 2021 सारखा एखादा घटनादुरुस्तीचा प्रश्न मतपत्रिकेवर असेल तर तेवढ्यावर मत देता येतं, बाकी हात हलवत परत. आपल्याकडचे कितीतरी लोक इथेच अडतात, कारण ‘पक्षात नाव नोंदवणं’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर झेंडा आणि मोर्चा येतो. तसं काही नसतं. वर्गणी नाही, शपथ नाही, नोव्हेंबरात त्याच पक्षाला मत द्यायचं बंधन नाही. प्रायमरीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत बदलताही येतं. हां, नोंद सार्वजनिक असते, त्यामुळे पत्रपेटीत चकचकीत कागदांचा रतीब सुरू होईल, त्याला इलाज नाही.

कुठल्या पक्षात नोंदवायचं? मी तरी ‘कोण आवडतं’ यापेक्षा ‘आपल्या भागात कोण निवडून येतं’ हे आधी पाहीन. तुमच्या मतदारसंघात एकाच पक्षाचा माणूस वर्षानुवर्षं जिंकत असेल, तर त्या पक्षाच्या प्रायमरीत त्यातल्या त्यात बऱ्या माणसाला मत देणं हे दुसऱ्या पक्षाच्या हरणाऱ्या उमेदवाराला देण्यापेक्षा जास्त मोलाचं. काहींना हे लबाडीचं वाटतं. मला वाटत नाही.

दुसरं, आपला मुद्दा कोण ठरवतं ते बघा. गर्भपाताचा प्रश्न 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बऱ्याच अंशी राज्यांकडे आला. म्हणजे त्यावर तुमचं मत ठाम असेल तर राज्याचं विधिमंडळ, गव्हर्नर आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश हे रकाने राष्ट्राध्यक्षाइतकेच महत्त्वाचे, कदाचित जास्तच. हो, इथे न्यायाधीशही निवडून येतात, तेही विषम वर्षी, जेव्हा केंद्रावर आम्ही निम्मा वेळ माशा मारत असतो. 2022 साली आपल्या राज्याच्या प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांना 102 आणि रिपब्लिकनांना 101 जागा मिळाल्या. मॉन्टगोमेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) एका जागेवर तर शंभर मतांचाही फरक नव्हता. राष्ट्राध्यक्षासाठी तावातावाने भांडणाऱ्या किती मराठी घरांना आपल्या राज्य प्रतिनिधीचं नाव सांगता येईल? शाळांचं म्हणाल तर त्यांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाचे उमेदवार पेनसिल्व्हेनियात दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत एकाच वेळी उभे राहू शकतात, तिथे नावापुढच्या पक्षाच्या अक्षरावरून काही कळत नाही. त्यांच्या सभेलाच जाऊन बसा.

आणि सगळं मत एकाच पक्षाला द्यायला हवं असं कुणी सांगितलं? 2019 पर्यंत पेनसिल्व्हेनियात एका खुणेत पूर्ण पक्ष निवडायची सोय होती, ती काढून टाकली. पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, राज्यात बायडन जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर खजिनदार आणि ऑडिटर जनरल (सरकारी हिशेब तपासणारा) रिपब्लिकन निवडून आले. सरकारी खर्चावर वचक हवा असं तुम्हाला वाटतं ना? मग पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या पदावर एका पक्षाचा आणि कायदे करणाऱ्या पदावर दुसऱ्याचा, असा मेळ तुम्हीही घालू शकता.

आता राष्ट्राध्यक्ष. फ्लोरिडात 2000 साली बुश 537 मतांनी जिंकले आणि ग्रीन या छोट्या पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे 97 हजारांवर मतं होती. पेनसिल्व्हेनियात 2016 साली ट्रम्प साधारण 44 हजारांनी जिंकले, त्याच ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना त्याहून जास्त मतं पडली होती. हे आकडे तोंडावर फेकून तिसऱ्या पक्षाच्या मतदाराला गुन्हेगार ठरवणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. स्टाइन नसत्या तर त्यातले बरेचजण मत द्यायलाच आले नसते, शिवाय लिबर्टेरियन या दुसऱ्या छोट्या पक्षाने रिपब्लिकनांच्या बाजूची मतं खाल्ली त्याचं काय? पण पेनसिल्व्हेनियाच्या 19 इलेक्टोरल मतांवर सगळ्या देशाची नजर असते हेही खरं. इथे मी त्या एका रकान्यात दोघांपैकीच निवडते. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात राहत असते तर कदाचित नसतं निवडलं. ज्या राज्याचा कौल आधीच ठाऊक असतो, तिथे निषेध नोंदवायला फारशी किंमत मोजावी लागत नाही.

मात्र दोघांपैकी निवडतानाही माझी एक अट असते. मतमोजणीचा निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी मान्य करणार का, याचं सरळ उत्तर न देणाऱ्याला माझं मत नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो आणि बाकी सगळं जुळत असो. रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवत बसणाऱ्यांत मी असते, म्हणून माझी अट ही. तुमची गर्भपाताची असेल, बंदुकांची असेल. पण अशी अट एखाददुसरीच ठेवा, दहा ठेवल्यात तर कुणीच उरणार नाही.

आधी राज्याच्या संकेतस्थळावर तुमची नोंद कशी झालीय ते तपासा. नागरिकत्वाच्या समारंभानंतर घाईत भरलेल्या फॉर्मवर पक्षाचा रकाना बरेचजण मोकळा सोडतात. तसं असेल तर पुढच्या प्रायमरीआधी बदलून घ्या. ती राष्ट्राध्यक्षाच्या वर्षी एप्रिलात असते, एरवी मे महिन्यात. नमुना मतपत्रिका काउंटीच्या संकेतस्थळावर आधी येते. ती छापून मिस्टरांसमोर ठेवा, आणि राष्ट्राध्यक्षाचा रकाना झाकून खालच्या प्रत्येक नावावर भांडा.