असमानतेचा आलेख : रेषेची कोणती बाजू घ्यावी?

प्रश्न : शिकवणीत आम्हाला ‘लहान असेल तर रेषेखालचा भाग, मोठे असेल तर वरचा’ असे सांगितले होते. त्याप्रमाणे २क्ष − ३य < ६ साठी मी खालचा भाग छायांकित केला, पण तो चूक ठरला. असे का? आणि या आलेखांचा शेतीच्या हिशेबाला काही उपयोग आहे का?
— एक विद्यार्थिनी, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याला नियम अर्धाच सांगितला गेला. य चा सहगुणक धन असेल तरच तो लागू पडतो. येथे तो −३ आहे. ऋण संख्येने भागताच चिन्ह उलटते आणि य > (२/३)क्ष − २ मिळते, म्हणून वरचा भाग येतो.

असले नियम पाठ करण्यापेक्षा एक बिंदू तपासणे मला अधिक भरवशाचे वाटते. (३, ०) आणि (०, −२) यांतून रेषा काढावी. रेषेवरचे बिंदू उत्तरात येत नसल्यामुळे ती तुटक असावी, चिन्ह ≤ असते तर अखंड काढली असती. मग (०, ०) ठेवून पाहावे : ० < ६ हे खरे आहे, म्हणून आरंभबिंदूची बाजू आपली. एका बिंदूवरून सगळी बाजू ठरते, कारण २क्ष − ३य ची किंमत सलग बदलत जाते. ६ पेक्षा कमी असलेली किंमत ६ च्या पुढे जायची तर वाटेत ती ६ व्हावीच लागते, आणि ६ ती फक्त रेषेवरच असते.

आता शेतीचे पाहू. समजा, जमीन ५ एकर आणि हाताशी ८०,००० रुपये आहेत. बियाण्यापासून फवारणी-डवरणीपर्यंत कपाशीला एकरी २०,००० आणि सोयाबीनला १२,००० रुपये लागतात. कपाशी क्ष एकर आणि सोयाबीन य एकर धरल्यास क्ष + य ≤ ५ आणि (खर्चाची असमानता ४,००० ने भागून) ५क्ष + ३य ≤ २० या अटी मिळतात. क्षेत्र ऋण नसते, त्यामुळे आलेख पहिल्या चरणातच राहतो. दोन्ही रेषा (२.५, २.५) येथे छेदतात आणि सामाईक भागाचे शिरोबिंदू (०, ०), (४, ०), (२.५, २.५), (०, ५) येतात. या चौकोनातील कोणतीही पेरणी जमिनीत आणि पैशात बसते. भाव काय मिळेल, हे मात्र हा आलेख सांगत नाही.

घरी सोयाबीन कपाशीच्या निदान दुप्पट घ्यायचे ठरले, तर य ≥ २क्ष ही अट वाढते. तिची रेषा आरंभबिंदूतूनच जाते, म्हणून तो तपासणीला चालत नाही. (१, ०) घेतल्यास ० ≥ २ हे खोटे ठरते, म्हणून पलीकडची बाजू घ्यावी. मग सर्वांत महाग पेरणी (५/३, १०/३) येथे, सुमारे ७३,३३३ रुपयांची येते. म्हणजे पैशाची रेषा या भागाला स्पर्शही करत नाही आणि पैशाची अट गाळली तरी उत्तर बदलत नाही.