बालेवाडीची एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) टेनिस स्पर्धा मुळात पुण्याचीच होती का? ठाण्याहून सकाळच्या गाडीने जाऊन बघता यायची ती.

नाही, ती १९९६ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली, १९९७ ते २०१७ चेन्नईत रमली आणि २०१८ मध्ये पुण्यात आली. एटीपीच्या विजेत्यांच्या यादीत हा सगळा प्रवास एकाच स्पर्धेचा म्हणून सलग दिसतो. स्वित्झर्लंडचा टेनिसपटू स्टॅन वावरिंका याची या स्पर्धेतली चारही विजेतेपदं चेन्नईतली. बालेवाडीतला २०१९चा अंतिम सामना मात्र विसरता येत नाही: दक्षिण आफ्रिकेचा अँडरसन आणि क्रोएशियाचा कार्लोविच, दोघेही ताडमाड, सर्व्हिस कुणाचीच तुटेना (आपल्या सर्व्हिसचा गेम कुणीच हरेना), तिन्ही सेट टायब्रेकला (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला) गेले आणि अँडरसन जिंकला. पुण्यातल्या वर्षांचा हिशेब करताना २०२१ वगळा, कोविडमुळे त्या वर्षी स्पर्धा झाली नाही. २०२३ नंतर ती हाँगकाँगला गेली, याची हळहळ वाटतेच.